चार रिपोर्ट, दोन सल्ले : खरे काय मानायचे?

गेल्या महिन्यात विहारातील बैठक संपल्यावर एक ताई पिशवीतून रिपोर्ट घेऊन आमच्याकडे आल्या. वय ५२, चार घरची धुणीभांडी. ईसीजी दोनदा काढलेला, दोन्ही नॉर्मल. टू-डी इको नॉर्मल. टीएमटी मात्र पॉझिटिव्ह. एका डॉक्टरांनी ताबडतोब अँजिओग्राफी सांगितली, दुसऱ्यांनी गॅसची गोळी दिली. घरात सोने गहाण टाकायची बोलणी सुरू होती. "यातला खोटा रिपोर्ट कुठला?" त्यांनी विचारले.

बहुतेक वेळा खोटा कुठलाच नसतो. प्रत्येक तपासणी वेगळी गोष्ट पाहते. ईसीजी म्हणजे काही सेकंदांची नोंद. त्या वेळी दुखत नसेल तर अडथळा असूनही तो नॉर्मल येतो. इकोत झडपा आणि पंपाची ताकद दिसते, रक्तवाहिनीतला अडथळा थेट दिसत नाही. टीएमटीत श्रम पडल्यावर हृदयाला रक्त पुरते का ते कळते. पण बायकांमध्ये ती पुरुषांपेक्षा अधिक वेळा विनाकारण पॉझिटिव्ह येते.

म्हणून आमचे म्हणणे असे, की कागदाआधी बाईची हकीकत ऐका. जिना चढताना छाती भरते का? थांबल्यावर उतरते का? साखर, रक्तदाब, मिश्री? या ताईंची छाती दुसऱ्या मजल्यावर भरायची आणि त्या वीस वर्षे मिश्री लावत होत्या. हे त्यांना कुणी विचारलेच नव्हते. ही हकीकत जोडली की त्या टीएमटीला वजन येते आणि गॅसची गोळी पुरेशी ठरत नाही.

पण म्हणून एका रात्रीत सोने मोडायचेही कारण नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या 'इस्केमिया' अभ्यासात ५,१७९ रुग्ण होते. दुखणे स्थिर असलेल्या आणि मुख्य डाव्या रक्तवाहिनीत मोठा अडथळा नसलेल्या रुग्णांत आधीच स्टेंट किंवा बायपास केल्याने औषधोपचारापेक्षा मृत्यू कमी झाले नाहीत. छातीचे दुखणे मात्र अधिक कमी झाले. म्हणजे औषधे सुरू करून सीपीआरसारख्या सरकारी रुग्णालयात दुसरे मत घ्यायला वेळ असतो. अँजिओप्लास्टी, बायपास लागलेच तर महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे. आरोग्यमित्राला आधी भेटा.

बसल्या जागी छाती दाबून येणे, घाम, धाप, जबड्यात किंवा पाठीत कळ असेल, तर मात्र थांबू नका. १०८ ला फोन करा. पहिला ईसीजी नॉर्मल आला तरी घरी परतू नका. तो पुन्हा काढावा लागतो, आणि रक्तातले ट्रोपोनिन वाढायला काही तास जातात.

डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा : "या तपासणीने माझ्या उपचारात काय बदलेल?" नोंदी मागितल्यावर ७२ तासांत द्याव्यात, असा वैद्यकीय परिषदेचा २००२ पासूनचा नियम आहे. प्रश्न विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे. रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून ठेवा आणि प्रत्येक डॉक्टरांसमोर सगळेच ठेवा, फक्त शेवटचा नाही.