घरी उभी केलेली जुनी गाडी विकताना

वर्षानुवर्षं घरच्या गॅरेजात खपून एखादी जुनी अमेरिकन मसल कार उभी करणारा माणूस ती विकायला काढतो, तेव्हा त्याचा पहिला हिशेब चुकतो तो तासांचा. रविवार, सुट्ट्या, जागून काढलेल्या रात्री, सगळं तो किमतीत धरतो. घेणारा ते देत नाही, आणि त्याने देऊही नये. तो गाडीची आजची अवस्था विकत घेतो, तुमचे रविवार नाही. कित्येकदा तर सुट्या भागांच्या पावत्यांची बेरीजच मिळणाऱ्या किमतीच्या वर जाते. हौसेचा पैसा हौसेच्या खात्यात टाकावा.

दुसरा हिशेब खरेपणाचा आहे आणि तो जास्त महत्त्वाचा. मसल कारचा जमाना सुरू झाला असं ज्या गाडीपासून मानतात, ती १९६४ ची पॉन्टिअॅक जीटीओ म्हणजे मुळात वेगळं मॉडेलच नव्हतं. मध्यम आकाराच्या गाडीत ३८९ घन इंचांचं, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचं व्ही-८ इंजिन बसवून विकलेलं ते पॅकेज होतं. १९६४ आणि ६५ च्या गाड्यांच्या चेसिस नंबरवरून ती जीटीओ आहे की साधी लेमान्स, हे कळतच नाही. १९६६ पासून नंबरची सुरुवातच २४२ ने होऊ लागली, तेव्हा प्रश्न मिटला. त्यामुळे लेमान्सवर योग्य इंजिन चढवलं, बॅज लावले, की डोळ्यांना जीटीओ तयार! बाजारात अशा गाडीला ‘क्लोन’ म्हणतात. क्लोन बनवण्यात गैर काही नाही, उलट चालवायला ती तेवढीच मजेची. गैर आहे ती क्लोन म्हणून न विकणं. खरी कोणती ते कारखान्याच्या जुन्या बिलावरून ठरतं आणि त्याच्या प्रती अमेरिकेत आजही मागवता येतात.

बाकीच्या गोष्टी छोट्या, पण फसवणूक बहुतेकदा तिथेच होते. बर्फाच्या प्रदेशात रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने फ्लोअर आणि मागच्या चाकांवरचा पत्रा सडतो. वर पुट्टी भरून रंग मारला की फोटोत काही दिसत नाही. चुंबक फिरवला की कळतं. मीटरला पाचच आकडे असतात, म्हणून ४३,००० मैल म्हणजे १,४३,००० सुद्धा असू शकतात. माहीत नसेल तर ‘खरे मैल माहीत नाहीत’ असं लिहून द्यावं.

मूळपणाचं मोल किती, ते ‘बुलिट’ चित्रपटातल्या १९६८ च्या मस्टँगने दाखवलं. न्यू जर्सीच्या एका कुटुंबाने ती १९७४ मध्ये ६ हजार डॉलरला घेतली. बाई तिच्यातून शाळेत शिकवायला जात. १९७७ मध्ये खुद्द स्टीव्ह मॅक्वीनने पत्र लिहून गाडी मागितली, तरी दिली नाही. जानेवारी २०२० मध्ये लिलावात ती ३४ लाख डॉलरला गेली, शुल्क धरून ३७.४ लाख. रंग विटलेला, पत्र्यावर पोचे. चित्रीकरणासाठी खाली वेल्ड केलेले कॅमेऱ्याचे आधार तसेच होते, आणि तोच तिच्या ओळखीचा पुरावा ठरला. उत्साही हातांनी ते घासून गुळगुळीत केले असते.

अमेरिकेत खासगी विक्रीत ‘अॅज इज’, म्हणजे ‘आहे तशी’, लिहिलं की बहुतेकांना आपली जबाबदारी संपली असं वाटतं. जाणूनबुजून खोटं बोलणं मात्र तिथल्या कायद्यातही त्या दोन शब्दांत झाकलं जात नाही. आपल्या फिक्हमध्ये तर लपवलेला ऐब निघाला की माल परत करण्याचा हक्क घेणाऱ्याला आहे, त्याला खियार-ए-ऐब म्हणतात. शुक्रवारी खुतबा ऐकायचा आणि शनिवारी पुट्टीवर रंग मारून गाडी दाखवायची, हे जमत नाही.

कुर्ल्यात बनलेली जुनी फियाट घरी उभी करणारी पोरं आपल्यातही आहेत. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांवरची गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवायची तर चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल झालेला चालत नाही. म्हणजे इथेही प्रश्न तोच. आणि डेंटिंग-पेंटिंगच्या कामात आपली मुलं किती आहेत, ते सांगायला नको. मालक म्हणतो, ‘भर पुट्टी, कोणाला कळतंय?’ तेव्हा रोजावरच्या पोराला नाही म्हणणं जड जातं, हे मान्य. निदान कामाआधीचा फोटो काढून मालकाला पाठवून ठेवता येतो.

मालकाने ते फोटो, पावत्या, बदललेल्या भागांची यादी, काढलेले मूळ भाग, सगळं एका जागी ठेवावं. आणि ती फाइल भाव ठरायच्या आधी घेणाऱ्याच्या हातात द्यावी, चावी देताना नाही.