गिझर बसवला, पण कोणी?

मैत्रिणींनो, दसरा-दिवाळी जवळ आली की विजेच्या सामानाच्या दुकानांत गिझरची खोकी रचलेली दिसू लागतात. तांब्याचा बंब केव्हाच माळ्यावर गेला. आता पहाटेच्या अभ्यंगस्नानाला बटण दाबलं की कढत पाणी हजर! सोय मोठी खरी. पण ही सोय भिंतीवर बसवून देणारा माणूस कोण, हे आपण विचारतो का? साडीच्या दुकानात दहा साड्या उलगडून पाहणाऱ्या आपण, मिस्त्री मात्र दुकानदार पाठवील तो घेतो.

एका वाचक भगिनीचं पत्र समोर आहे. दुकानातून गिझर घेतला, दुकानदाराने ‘आपलाच माणूस’ पाठवला. त्याने मीटरच्या पेटीपासून न्हाणीघरापर्यंत नवी लाइन ओढली, गिझर टांगला, पैसे घेतले आणि गेला. पावती नाही. पंधरा दिवसांत नळाला हात लावला की झिणझिण्या येऊ लागल्या, बटणापाशी जळका वास येऊ लागला. फोन केला तर उत्तर काय? “वहिनी, नव्या वस्तूला होतं असं. भाऊंना फोन द्या, तुम्हाला नाही कळायचं.” परवाना विचारला तर फोन बंद. घरातले म्हणतात, जाऊ दे, दुसऱ्याकडून करून घेऊ. त्या विचारतात, मी काय करू?

आधी जिवाचं पाहा, मग पैशांचं. नळाला झिणझिण्या येणं ही किरकोळ गोष्ट नव्हे. गिझरला तीन वायरी जातात. त्यातली तिसरी, बहुधा हिरवी, अर्थिंगची. गिझरच्या आतल्या एलिमेंटला चीर गेली तर वीज टाकीच्या पत्र्यात उतरते. अर्थिंग नीट असेल तर ती जमिनीत जाते आणि फ्यूज उडतो. अर्थिंग नसेल तर ती वाट शोधत राहते, आणि ओल्या अंगाने नळाला हात लावणारं माणूस हीच तिची वाट होते. आज झिणझिण्या आहेत. उद्या काय होईल, ते लिहायलाही नको वाटतं.

म्हणून नुसतं गिझरचं बटण बंद करून भागत नाही. अडाणी मिस्त्री कधी कधी बटण फेजऐवजी न्यूट्रलच्या वायरीवर बसवतात. मग बटण बंद दिसतं, पण गिझरमध्ये वीज असतेच. घराचा मेन स्विच बंद करा, पायात रबरी चप्पल घाला आणि कोरड्या हातांनी पिन काढा. पिन नसेल, वायर थेट जोडलेली असेल, तर त्या लाइनचा एमसीबी बंद ठेवा आणि त्यावर चिकटपट्टी लावा, म्हणजे कुणी चुकून चालू करणार नाही. परवानाधारक माणूस पाहून जाईपर्यंत त्या नळाला कुणीही हात लावायचा नाही. “बघू, अजून येतात का झिणझिण्या” म्हणून तर मुळीच नाही! चार दिवस आंघोळीचं पाणी शेगडीवर तापवा. त्याच लाइनवर रॉड लावू नका.

आता परवान्याचं. ‘भाऊंना फोन द्या’ म्हणणाऱ्याला हे तोंडावर सांगता आलं पाहिजे. बल्ब, पंखा, फ्यूज, बटण किंवा घरगुती उपकरण जसंच्या तसं बदलणं याला परवाना लागत नाही. पण नवी लाइन ओढणं, वायरिंग वाढवणं किंवा बदलणं, हे काम राज्य सरकारचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदारानेच करायचं असतं. प्रत्यक्ष हात लावणाऱ्याजवळही परवाना हवा आणि देखरेखीला प्रमाणपत्रधारक हवा. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा नियमांत हे स्पष्ट आहे. आपल्या भगिनीच्या घरी नवी लाइन ओढली गेली, तेव्हा तिने परवाना मागितला त्यात काही जगावेगळं केलं नाही. आणि लक्षात ठेवा, वीज कंपनीची जबाबदारी साधारणपणे मीटरपर्यंतच. मीटरपासून आतलं सगळं आपलं.

पुढची पायरी पुराव्याची. त्याच मिस्त्रीला घाईघाईने बोलावून “नीट करून दे” म्हणू नका. तो येईल, दोन वायरी उलटसुलट करील आणि पहिलं काम कसं होतं याची खूणही उरणार नाही. शिवाय ज्याला पहिल्यांदा जमलं नाही त्याच्या हाती पुन्हा तीच वायर का द्यावी? त्याऐवजी एवढं करा:

वीज बंद केल्यावर गिझर, बटण, सॉकेट, वायरीचे जोड यांचे मोबाइलवर फोटो काढा. लांबूनच, काही उघडू नका.

वहीत तारखा लिहा. गिझर कधी घेतला, काम कधी झालं, किती पैसे दिले, झिणझिण्या कधीपासून, फोन कधी केला, तो काय म्हणाला.

पावती नाही म्हणून हातपाय गाळू नका. मोबाइलवरून पैसे दिले असतील तर त्याची नोंद, त्याचे आलेले निरोप, गिझरचं बिल, हे सगळं कामाला येतं. एकही निरोप पुसू नका.

मग परवानाधारक ठेकेदाराला बोलवा. त्याचा परवाना क्रमांक आधी पाहा. काय चुकलं आहे ते त्याच्याकडून सहीनिशी लिहून घ्या: अर्थिंग आहे का, वायर पुरेशी जाड आहे का, बटण कुठल्या वायरीवर आहे. दुरुस्तीचा खर्चही लिहून घ्या. काढलेली जळकी वायर, सॉकेट फेकू नका. पिशवीत घालून ठेवा.

आता तोंडी भांडण नको, कागद हवा. मजकूर साधा ठेवा: “अमुक तारखेला आपण माझ्या घरी गिझर बसवून नवी लाइन ओढली. त्याचे अमुक रुपये घेतले. कामात पुढील दोष आढळले आहेत. परवानाधारक ठेकेदाराच्या अहवालाची प्रत सोबत आहे. आपला परवाना क्रमांक कळवावा. तसेच दुरुस्तीचा खर्च पंधरा दिवसांत द्यावा. अन्यथा मी ग्राहक आयोगाकडे व विद्युत निरीक्षकांकडे तक्रार करीन.” बस्स. शिव्याशाप नाहीत, धमकी नाही. खाली तुमची सही. ‘भाऊं’चीच हवी असं कुठं लिहिलं आहे? पत्र स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोच जपून ठेवा.

एक प्रत दुकानदारालाही. माणूस त्याने पाठवला, तेव्हा “माझा काय संबंध?” म्हणून त्याला सहज हात झटकता येणार नाहीत. पुष्कळदा असं पत्र आल्यावर दुकानदारच मिस्त्रीला शोधून आणतो. गिझरचं वॉरंटी कार्डही वाचा. काही कंपन्या बसवणी अधिकृत माणसाकडूनच करून घेण्याची अट घालतात.

पंधरा दिवस गेले आणि दाद लागली नाही, तर दोन दारं आहेत. पहिलं, जिल्ह्याचं विद्युत निरीक्षकांचं कार्यालय. बिनपरवाना कामाची लेखी तक्रार तिथे द्यायची. तिथून तुमचे पैसे मिळतील असं नाही. पण हाच माणूस उद्या दुसऱ्या एखादीच्या न्हाणीघरात शिरण्याआधी त्याला कुणीतरी विचारायला हवं ना? दुसरं दार ग्राहक आयोगाचं. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून पाहा. पुष्कळ तक्रारी तिथेच मिटतात. नाही मिटली तर जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. वस्तू वा सेवेची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लागतोच असं नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. पण इतकं थांबायचं कशाला?

आता ज्यांनी गिझर अजून बसवलेला नाही त्यांच्यासाठी. गिझर दोन हजार वॅटचा असेल तर तो सुमारे ९ अँपिअर वीज ओढतो, तीन हजारांचा सुमारे १३. साध्या ५-६ अँपिअरच्या सॉकेटवर तो लावला की जळका वास आलाच म्हणून समजा. १६ अँपिअरचं सॉकेट, स्वतंत्र जाड वायर, स्वतंत्र एमसीबी आणि चांगलं अर्थिंग हवं. अर्थिंगची वायर पाण्याच्या पाइपला गुंडाळू देऊ नका. पेटीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. वीज गळाली की तो क्षणात लाइन तोडतो. त्यावर ‘टी’ अक्षराचं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबा. लाइन तुटली तर तो जागा आहे. गिझरच्या सुरक्षा व्हॉल्व्हमधून पाणी तापताना दोन-चार थेंब गळतात. त्यावर बूच मारणाऱ्या मिस्त्रीला तिथेच थांबवा; आतला दाब बाहेर पडायची तीच वाट आहे.

ज्यांच्याकडे गॅसचा गिझर आहे त्यांनी आणखी जपावं. तो बंद न्हाणीघरात बसवणं म्हणजे मरणाला घरात जागा देणं. जळताना निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. दार लावून आंघोळ करणारं माणूस कळायच्या आत बेशुद्ध होतं. गिझर बाहेर, मोकळ्या हवेत बसवा आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप घ्या. गॅसचा वास आला तर १९०६ वर फोन करा.

आणि कामाला माणूस ठरवताना तीन गोष्टी आधी मागा: परवाना क्रमांक, लेखी अंदाज, पक्की पावती. यातली एकही द्यायला जो कुरकुर करील, त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. चार पैसे स्वस्त मिळाला म्हणून त्याला थांबवू नका. पाणी तापवायला सर्वांत आधी उठून, अंधारात नळाशी हात घालणारं माणूस बहुतेक घरांत कोण असतं, हे का मी तुम्हाला सांगायला हवं?