पंडिता रमाबाई : भूक, श्रद्धा आणि श्रम

धर्मश्रद्धेच्या प्रेरणेने भुकेल्यांच्या सेवेकडे वळलेल्या माणसांविषयी आपल्याकडे दोन टोकांची मते आढळतात. एक पक्ष अशा सेवेला पुण्यकर्म समजून हात जोडतो आणि पुढचे काही विचारीत नाही. दुसऱ्याला तिच्यात धर्मप्रसाराच्या डावाखेरीज काही दिसत नाही. पंडिता रमाबाईंचे केडगावचे कार्य या दोन्ही पक्षांना अडचणीत टाकणारे आहे.

1874 च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला तेव्हा रमाबाईंचे कुटुंब तीर्थक्षेत्रांतून पुराणे सांगत हिंडत होते. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे नामांकित संस्कृत पंडित. परंतु लोकांच्याच घरी चूल पेटत नसता पुराणिकाला दक्षिणा कोण देणार? शिल्लक होती ती देवधर्मात आणि दानात संपली. भीक मागणे कमीपणाचे वाटे, आणि अंगमेहनतीचे काम कोणी शिकलेलेच नव्हते. वडील गेले, पाठोपाठ आई गेली, पुढे थोरली बहीणही गेली. दुष्काळात माणसे मरतात ती धान्य मुळीच नसल्यामुळे मरतात असे नव्हे. काम बुडते, मिळकत थांबते आणि समोरचे धान्य घेण्याची ताकद उरत नाही. 1880 च्या दुष्काळ आयोगाने हे जवळजवळ मान्यच केले होते. अमर्त्य सेन यांनी 1981 साली त्याची शास्त्रशुद्ध मांडणी केली. डोंगरे कुटुंबाने ते भोगून जाणले.

रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला व 1889 साली मुंबईत शारदा सदन काढले. पुढे 1896-97 च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या. तेथील सरकारी कामांवर आणि अन्नछावण्यांत एकट्या पडलेल्या मुलींमागे हिंडणारी दुष्ट माणसे त्यांनी पाहिली. पुरुषाला दुष्काळात पोट असते. मुलीला पोटाबरोबर किंमतही असते, आणि ती ठरविणारे दलाल सरकारच्या दुष्काळ-संहितेत कोठे नोंदलेले नव्हते. सुमारे 300 मुली व स्त्रिया त्यांनी आणल्या. त्यांच्यासाठी पुण्याजवळच्या केडगावच्या शेतजमिनीवर मुक्ती सदन उभे राहिले. गुजरातेतील 1900 च्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या आसपास पोहोचली.

या हाकेचे मूळ बायबलात शोधणे बरोबरच आहे. रमाबाई स्वतः तसेच सांगत. पण केडगावी काय चालत होते, तेही पाहावे. तेथे शेती होती, हातमाग होते, छापखाना होता. अंध मुलींना ब्रेल लिपी शिकविली जाई. अक्षरओळख आणि हाताचे काम यांत उच्चनीच मानले जात नव्हते. ज्या घरात विद्या अमाप होती आणि हाताला काम ठाऊक नव्हते, त्या घराचा शेवट रमाबाईंनी पाहिला होता. नुसते अन्नछत्र घालणे सोपे होते. त्यांनी तेवढ्यावर भागविले नाही.

आता धर्मांतराचा प्रश्न. तो टाळून चालणार नाही. शारदा सदनातील मुली ख्रिस्ती धर्माकडे ओढल्या जात असल्याच्या कारणावरून 1893 साली न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. हे दोघे सनातनी नव्हते, सुधारक होते. जिला दुसरे छप्पर नाही, तिने घरधनिणीचा धर्म पत्करला तर ती निवड कितपत मोकळी, ही त्यांची शंका रास्त होती, आणि रमाबाईंच्या भक्तांनी तिचे समाधानकारक उत्तर दिलेले नाही. मात्र त्या मुलींना घ्यायला त्या गावांत दुसरे कोण गेले होते, हेही टीकाकारांनी सांगितले पाहिजे. त्याच दुष्काळात पुण्याच्या सार्वजनिक सभेचे कार्यकर्ते खेडोपाडी शेतकऱ्यांना दुष्काळ-संहितेतील हक्क समजावून देत होते. ते काम थोर होते आणि सरकारला ते झोंबलेही. 1897 साली सभेची मान्यता काढून घेण्यात आली. पण सूट मागायला जमीन लागते. परमुलखातल्या अनाथ मुलीजवळ ती कोठून असणार?

हक्काचा मार्ग पुढे पुष्कळ रुंदावला. महाराष्ट्राची रोजगार हमी आली, 2013 साली अन्नसुरक्षेचा कायदा झाला आणि शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून घरातील ज्येष्ठ स्त्रीचे नाव आले. पण सासरने घालवून दिलेल्या सुनेचे कुटुंब कोणते? तिचे नाव सासरच्या पत्रिकेवर, आणि ती माहेरच्या ओसरीवर. नाव कमी केल्याचा दाखला सासरहून मिळत नाही आणि दाखल्यावाचून नव्या पत्रिकेचा अर्ज पुढे सरकत नाही. तहसील कचेरीच्या पायरीवर तिच्याशेजारी बसणारे माणूस कोणत्या देवाचे नाव घेते, याची चौकशी तिने अजून केलेली नाही.