टायरचा प्रश्न की रस्त्याचा?

‘टाकाऊतून टिकाऊ’ हे शब्द शाळेतल्या हस्तकलेच्या तासाला ठीक आहेत. बांधकामात ते ऐकले की माझं डोकं फिरतं. जो तो सांगतो, जुने टायर भरावात घाला, भिंतीत घाला, प्रश्न मिटला! अहो, पण कोणाचा?

१९७२ मध्ये फ्लोरिडात फोर्ट लॉडरडेलच्या किनाऱ्याजवळ वीसेक लाख टायर समुद्रात सोडले. का, तर त्यांच्यावर प्रवाळ वाढेल, मासे येतील. टायर बांधलेले पट्टे तुटले आणि सुटे टायर लाटांबरोबर शेजारच्या जिवंत प्रवाळावर आपटू लागले. २००७ पासून लष्कराचे पाणबुडे लावून ते उपसायला घेतले. हौसेचं मोल!

पुढे १९९५ च्या सुमारास वॉशिंग्टन राज्यात रस्त्याखाली टायरच्या तुकड्यांचे भराव घातले, तेही सात-आठ मीटर आणि त्याहून जाड. ते आतल्या आत तापून धुमसू लागले. टायर कापला की त्यातल्या तारा उघड्या पडतात. हवा-पाणी लागलं की त्या गंजतात, गंजताना उष्णता निघते, आणि रबर ती बाहेर सोडत नाही. ओला कडबा रचला की गंजी आतून तापते, तसंच हे. आपल्या शेतकऱ्याला विचारलं असतं तरी सांगितलं असतं त्याने.

म्हणजे मी टायरच्या विरोधात? छे! मेन राज्यात पोर्टलंडच्या विमानतळाजवळ पुलाचा भराव मऊ सागरी चिकणमातीवर घालायचा होता. मातीच्या वजनाने जमीनच खचली असती. टायरचे तुकडे मातीच्या निम्म्याहून हलके, शिवाय पाण्याचा निचरा उत्तम. तिथे ते कचरा म्हणून नव्हे, हलके म्हणून निवडले. तुकडे मोठे, बारीक चुरा कमी, थर साधारण तीन मीटरचा, दोन थरांमध्ये माती. ह्याला म्हणतात वापर.

मुंबई-ठाण्याच्या खाडीकाठीही अशीच मऊ चिकणमाती आहे. आपण मात्र भट्टीत टायर तापवून तेल काढतो, आणि काजळी खायची आजूबाजूच्या गावांनी. २०२२ मध्ये नियम आला, जुन्या टायरची जबाबदारी टायर बनवणाऱ्यांची. छान! पण त्या भट्टीचं तेलही त्यात पुनर्वापर म्हणून मोजतात. असो.

उद्या कोणी हौशी मंडळी खाडीकाठच्या रस्त्यात टायर घालायला निघालीच, तर ‘किती लाख टायर संपवले’ हे मला सांगू नका. थर किती जाड आहे, तेवढं सांगा.