सांधा हलता हवा, ढिला नको

मे 2024 मध्ये अमेरिकी सैन्याने गाझाच्या किनाऱ्याला तरंगता धक्का जोडला. पोलादी तराफे एकमेकांना अडकवून केलेली ती वाट होती. 17 मे रोजी तिच्यावरून मदतीचे ट्रक उतरले, आणि मेच्या अखेरीस खवळलेल्या समुद्राने तिचा तुकडा तोडला. दुरुस्ती झाली, धक्का पुन्हा जोडला, लाटा वाढल्या की पुन्हा काढला. 17 जुलैला मोहीम संपल्याचे जाहीर झाले. अंदाजे 23 कोटी डॉलरच्या या धक्क्याने काम दिले ते जेमतेम 20 दिवस. पलीकडे माणसे उपाशी होती.

अशा वाटेचा सगळ्यात नाजूक भाग म्हणजे दोन तराफ्यांमधला सांधा. लाट खालून सरकते तेव्हा एका तराफ्याचे तोंड वर जाते, शेजारच्याचे खाली. सांधा घट्ट जखडला तर वाकवणारा सारा जोर त्याच्यावर येतो. तासाला शेकडो लाटा येतात. पोलाद थकते आणि वेल्डिंगजवळ बारीक चीर पडते.

मग सांधा ढिला ठेवावा का? आमच्या आर्णीत कापसाच्या हंगामात ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीची पिन पाहा. खाचखळग्यांत ट्रॉली आपल्यापरीने हलेल, एवढी मोकळीक तिला असते. पण भोक झिजून मोठे झाले की ब्रेक लागताच ट्रॉली पुढे आदळते, निघताना हिसका बसतो, आणि एक दिवस पिन तुटते. समुद्रात हा हिसका प्रत्येक लाटेला बसतो. म्हणून चांगला सांधा वळू देतो, पण आदळू देत नाही. मध्ये रबरासारखे काहीतरी धक्का पिणारे लागते.

हे शहाणपण नवे नाही. 1944 सालच्या नॉर्मंडी चढाईसाठी ब्रिटिश अभियंते अ‍ॅलन बेकेट यांनी तरंगत्या रस्त्याचे 80 फुटी गाळे असे रचले की लाटेवर ते पिळवटले तरी मोडू नयेत. नांगरही त्यांनीच बेतला. 19 ते 22 जूनच्या वादळात तिथल्या ओमाहा किनाऱ्यावरचे तात्पुरते अमेरिकी बंदर उद्ध्वस्त झाले, अरोमांशचे ब्रिटिश बंदर तगले. अरोमांशला खडकांचा आडोसा होता, तशी नांगरांची बांधणीही चोख होती.

आपल्याकडे पूल आणि पाणी या दोन्ही बाजूंचे ज्ञान पुण्यात आहे. दिघीच्या डीआरडीओ प्रयोगशाळेने ‘सर्वत्र’ हा 75 मीटरपर्यंतचा लष्करी पूल घडवला. खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात 1916 पासून पाण्याचा अभ्यास चालतो. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड-रत्नागिरीतल्या कितीतरी गावांचे रस्ते बंद होते. अशा वेळी समुद्राकडून मदत उतरवायची, तर कोकणच्या लाटांवर पारखलेला सांधा हाताशी हवा. या दोन संस्थांनी तो एकत्र तपासावा, आणि किती उंचीच्या लाटेपर्यंत वाट चालेल, तो आकडा मोहिमेआधी जाहीर करावा. तो आकडा ठाऊक नसताना समुद्रात तराफे सोडणे म्हणजे मदतीची वाट पाहणाऱ्यांच्या जिवाशी खेळ आहे.