विम्याची सक्ती कोणाच्या भल्याची?

'आजारी पडलो की मग विमा उतरवू,' असे सर्वांनीच ठरविले तर विम्याची पेटी रिकामीच राहील. हे साधे गणित अमेरिकेला कायद्यात लिहावे लागले.

तेथे अनेक राज्यांत खासगी विमा कंपन्या मधुमेही, हृदयरोगी माणसाला सरळ नकार देत. ज्याला गरज त्यालाच दार बंद! ओबामा सरकारच्या २०१० च्या कायद्याने ही मनाई मोडली. पण आजाऱ्याला नाकारायचे नाही म्हटले की निरोगी माणूस वाट पाहत बसतो, आणि हप्ते वाढतात. म्हणून प्रत्येकाने विमा घ्यावा असे बंधन आले. कमी मिळकतीच्या कुटुंबांना हप्त्यासाठी सरकारी मदत ठेवली. २०१४ पासून विमा नसल्यास दंड सुरू झाला. २०१६ साली तो प्रौढ माणशी ६९५ डॉलर किंवा मिळकतीच्या अडीच टक्क्यांपर्यंत, यात जे जास्त ते, असा होता. अगदी कमी मिळकतीच्या लोकांना त्यातून सूट होती.

२०१२ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ही सक्ती कर म्हणून वैध ठरविली. मात्र गरिबांची सरकारी योजना वाढविणे राज्यांच्या मर्जीवर सोडले. काही राज्यांनी नकार दिला आणि तेथील कित्येक गरीब ना योजनेत, ना मदतीत, असे अधांतरी राहिले. पुढे २०१७ च्या कायद्याने केंद्राचा दंड २०१९ पासून शून्यावर आला. मॅसॅच्युसेट्सने मात्र २००६ सालीच केलेली स्वतःची सक्ती कायम ठेवली.

स्वित्झर्लंडमध्ये १९९६ पासून सर्वांना विमा सक्तीचा आहे. जन्मलेल्या बाळाचाही तीन महिन्यांत उतरवावा लागतो. गरीब घरांना हप्त्यात सवलत मिळते.

आमच्या मते सक्ती वाईट नाही. मदतीवाचूनची सक्ती वाईट. श्रीमंताला हप्ता म्हणजे किरकोळ खर्च, मजुराला तो महिन्याचा किराणा. म्हणून सक्ती आली की आपण विचारावे : आजाऱ्याला नकार बंद झाला का? गरिबाचा हप्ता कोण भरणार? दवाखाना जवळ आहे का?

आपल्याकडे कामगार विम्याचा हिस्सा ज्यांच्या पगारातून कापला जातो, त्यांनी कार्डावर घरच्या सर्वांची नावे चढली आहेत का, हे आजच पाहून घ्यावे. पैसे आपले कापले जातात. मग हक्क का सोडावा?