मृत देशाचा पत्ता

युगोस्लाव्हिया नेमका केव्हा संपला, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. कोणी 1991 म्हणतात, कोणी 1992. ते नाव लावणारे उरलेसुरले राज्य तर 2003 पर्यंत टिकले आणि मग त्याचे 'सर्बिया आणि माँटेनेग्रो' झाले. इंटरनेटवरील त्याच्या मृत्यूची तारीख मात्र निःसंदिग्ध आहे : 30 मार्च 2010. त्या दिवशी 'डॉट वाययू' हे देशनिदर्शक डोमेन इंटरनेटच्या मूळ यादीतून काढण्यात आले आणि त्या अक्षरांनी संपणारा एकही पत्ता पुढे उघडेना. मजकूर कोणी जाळला वगैरे नाही. ज्या यंत्रांवर तो होता तेथे तो काही काळ तसाच पडून राहिलाही असेल. त्याच्याकडे जाणारी वाट तेवढी मिटली. वाचकाच्या दृष्टीने या दोहोंत काय फरक आहे, हे मला सांगता येत नाही.

ही बाब वरवर तांत्रिक वाटेल. परंतु संदर्भ, संहिता आणि संग्रह यांच्याशी ज्यांचे रोजचे काम आहे त्यांनी तिच्याकडे पाठ फिरवणे बरे नव्हे.

देशांची दोन अक्षरी डोमेन आयएसओच्या 3166 या मानक यादीतून घेतली जातात. कोणता प्रदेश देश आहे आणि कोणता नाही हे ठरवणे आपले काम नाही, असे जॉन पोस्टेल यांनी 1994 मध्ये लिहून ठेवले आणि तो भार या यादीवर सोपवला. हा शहाणपणा होता, यात शंका नाही. पण त्याच न्यायाने यादीतून नाव गेले की डोमेनही जाणार, हे ओघानेच आले. चेकोस्लोव्हाकियाचे 'सीएस' 1995 मध्ये गेले, झैरचे 'झेडआर' 2001 मध्ये, पूर्व तिमोरचे 'टीपी' आणि नेदरलँड्स अँटिल्सचे 'एएन' 2015 मध्ये. दरवेळी निर्णय त्या त्या प्रसंगापुरता. लेखी धोरण आयकॅनने स्वीकारले ते 2022 साली : काढून टाकण्याची सूचना दिल्यापासून पाच वर्षांची मुदत, फार तर ती दहापर्यंत वाढवता येईल.

मुदत उदार आहे. माझा आक्षेप वेगळाच आहे. या धोरणात डोमेन चालवणारे आहेत आणि नाव नोंदवणारे आहेत. वाचणारा मात्र कोठेच नाही.

'वाययू'चेच पाहा. हे डोमेन 1989 मध्ये सुरू झाले. त्याचा कारभार ल्युब्ल्यानातून चाले, आणि 1991 मध्ये स्लोव्हेनिया स्वतंत्र झाल्यावरही तो काही काळ तिकडेच राहिला. 1994 मध्ये तो बेलग्रेड विद्यापीठाकडे आला. देश एकीकडे आणि त्याचा पत्ता दुसरीकडे, असा हा प्रकार. पुढे 1999 मधील 78 दिवसांची बॉम्बफेक, 2000 मधील मिलोशेविच यांचे पतन, हे सारे या पत्त्यांच्या हयातीत घडले. 2008 मध्ये सर्बियाचे 'आरएस' खुले झाले तेव्हा जुन्या नावधारकांना पहिले सहा महिने अग्रक्रम मिळाला. ज्यांची कचेरी, कर्मचारी आणि पैसा शाबूत होता ते स्थलांतरित झाले. जे नियतकालिक बंद पडले होते, जो संपादक देश सोडून गेला होता, जी संस्था विसर्जित झाली होती, त्यांच्या वतीने अर्ज कोण करणार? सुमारे बत्तीस हजार नावांपैकी 2009 च्या मध्यास चार हजारांवर नावे उरली होती. अनात बेन-डेव्हिड यांनी पुढे इंटरनेट आर्काइव्हमधील प्रतींवरून या नाहीशा झालेल्या जालाची पुनर्रचना करून त्यावर शोधनिबंध लिहिला. उत्खनन म्हणावे असेच ते काम आहे. फरक इतकाच की येथे नगर बुडून दहा वर्षेही झाली नव्हती.

योगायोग असा की त्या देशाच्या साहित्यात हाच प्रश्न आधीपासून घोळत होता. दुब्राव्का उग्रेशिच यांनी 1993 मध्ये क्रोएशिया सोडला आणि नाहीशा झालेल्या देशाच्या किरकोळ वस्तूंचे काय करायचे, हा त्यांच्या लेखनाचा एक स्थायी विषय झाला. 2004 मध्ये युगोस्लाव दैनंदिन जीवनातील दंतकथांचा एक कोश प्रसिद्ध झाला. त्यातील बऱ्याच नोंदी वाचकांनी इंटरनेटवरून पाठवल्या होत्या. बिस्किटे, खेळाडू, गाणी, शिव्या, सगळे त्यात आले. तो छापला गेला म्हणून आज हाती लागतो. भाषेचीही तीच कथा. सर्बो-क्रोएशियनचे 'एसएच' हे संकेताक्षर भाषांच्या मानक यादीतून 2000 मध्ये रद्द झाले. त्याच अक्षरांचा विकिपीडिया मात्र अजून चालतो.

राज्य गेले म्हणून दप्तर जाते असे नाही, हे महाराष्ट्राला सांगायला नको. पेशवाई 1818 मध्ये संपली. पेशवे दप्तर पुण्यात राहिले. इंग्रजांनी ते आपल्या इतिहासावरील प्रेमापोटी ठेवले असे मानण्याचे कारण नाही, इनाम आणि महसुलाच्या दाव्यांसाठी त्यांना ते लागत होते. पण ठेवले, म्हणून शतकाहून अधिक काळानंतर सरदेसायांना त्यातून 45 खंड काढता आले.

डोमेन निवृत्तीच्या धोरणात मला एवढेच हवे आहे. पाच वर्षांची मुदत सुरू होताच नवी नोंदणी थांबावी, आणि त्या डोमेनखाली सार्वजनिकरीत्या वाचता येणाऱ्या मजकुराची प्रत एखाद्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे किंवा तत्सम संस्थेकडे जमा झाल्याखेरीज शेवटचा दिवस येऊ नये. डोमेन अनंत काळ चालू ठेवा, अशी माझी मागणी नाही. सोव्हिएत संघ 1991 मध्ये विसर्जित झाला तरी त्याचे 'एसयू' टिकून राहिले, आणि गैरव्यवहार करणाऱ्यांचा अड्डा म्हणून त्याची अपकीर्ती झाली. उलट, एकदा सोडलेली अक्षरे दुसऱ्याला देण्यातही धोका असतो : चेकोस्लोव्हाकियाचे 'सीएस' 2003 मध्ये सर्बिया आणि माँटेनेग्रोला दिले गेले आणि जुन्या ग्रंथसूचींत घोटाळ्याची सोय झाली. त्यावर टीका झाल्यानंतर सोडलेली अक्षरे 50 वर्षे राखून ठेवण्याचे ठरले. म्हणजे ग्रंथपालांचे म्हणणे ऐकले जाऊ शकते, याला पुरावा आहे.

आता चर्चा 'आयओ'ची आहे. ते ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेशाचे डोमेन. चागोस बेटे मॉरिशसकडे सोपवण्याच्या करारावर 22 मे 2025 रोजी सह्या झाल्या आणि या डोमेनच्या भवितव्याविषयी तंत्रज्ञान कंपन्यांत मोठी खळबळ उडाली. त्यांची काळजी रास्त आहे, आणि ती घेणारे पुष्कळ आहेत. ज्या चागोसवासीयांना 1968 ते 1973 या काळात तेथून हुसकावले गेले, त्यांची आठवण या गदारोळात क्वचितच निघते. 'वाययू'च्या वेळी एवढी खळबळ माजली नव्हती.

धोरण बदलेल तेव्हा बदलेल. तोवर आपल्या विभागांत एक नियम आजच करता येईल : प्रबंधाच्या संदर्भसूचीत संकेतस्थळाचा पत्ता देणाऱ्या विद्यार्थ्याने त्या पानाची प्रत इंटरनेट आर्काइव्हमध्ये जतन करून तिचाही पत्ता आणि तारीख द्यावी. मार्गदर्शकांनी ती उघडून पाहावी.